गोचीडतापातून वाचलेल्या गायीला पुन्हा ताप येतो का? बाकीच्यांना लस द्यावी का?

तुम्ही विचारलंय की गोरेगावच्या तबेल्यात बारा म्हशी आणि चार एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायी आहेत, मागच्या पावसाळ्यात त्यातली एक गाय गोचीडतापातून वाचली. तिला आता भीती नाही ना? आणि उरलेल्या तीन गायी व दोन कालवडींना लस टोचावी का?

लस जरूर द्या. पण आधी त्या गायीला नेमकं काय झालं होतं ते कागद काढून बघा. गोचीडताप म्हणून आपण तीन वेगळे रोग एकाच नावाने ओळखतो: थायलेरिया, बबेसिया आणि अ‍ॅनाप्लाझ्मा. खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजली, १०५-१०६ फॅरनहाइट ताप, डोळ्याची आतली कड पांढरी पडली, तर बहुधा थायलेरिया. लघवी लाल किंवा कॉफीसारखी झाली तर बबेसिया. लघवी साफ, पण गाय पिवळी पडत खंगत गेली तर अ‍ॅनाप्लाझ्माचा संशय. नक्की उत्तर कानाच्या शिरेतल्या रक्ताची काचपट्टी तपासूनच मिळतं. थायलेरियात गाठीतलं पाणी सुईने ओढून तपासलं तर निदान आणखी लवकर होतं. औषधंही वेगळी आहेत. थायलेरियाला बुपार्व्हाक्वोन, किलोमागे २.५ मिलिग्रॅम, म्हणजे ४०० किलोच्या गायीला २० मिली, मानेच्या स्नायूत, एका जागी १० मिलीहून जास्त नाही. बबेसियाला डिमिनाझिन, अ‍ॅनाप्लाझ्माला ऑक्सिटेट्रासायक्लिन. एकाचं औषध दुसऱ्यावर मारलं की दोन दिवस वाया जातात, आणि थायलेरियात तेवढ्यात रक्त इतकं उतरतं की नंतर औषध लागू पडूनही गाय हातची जाते.

आपल्याकडे बाजारात मिळणारी लस फक्त थायलेरियाची आहे, रक्षावॅक-टी. बबेसिया आणि अ‍ॅनाप्लाझ्मासाठी ऑस्ट्रेलियात जिवंत लस वापरतात, आपल्याकडे त्यांची लस सहज मिळत नाही. म्हणून लस टोचली आणि लाल लघवी झाली तर लसीला दोष देऊ नका, तो रोगच दुसरा.

रक्षावॅक-टी ही लस जिवंत का असते, ते समजून घेतलंत तर पुढच्या सगळ्या सूचना आपोआप पटतील. थायलेरिया आधी गायीच्या पांढऱ्या पेशींत शिरून तिथेच वाढतो. रक्तात फिरणाऱ्या प्रतिपिंडांना तो पेशीच्या आत सापडत नाही, त्याला मारायला गायीच्या टी-पेशींनी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) ती रोगट पेशीच ओळखून फोडावी लागते. हे शिकवायला मेलेला परजीवी पुरत नाही. म्हणून प्रयोगशाळेत खूप काळ वाढवून सौम्य केलेल्या, परजीवीसकट जिवंत पेशी टोचतात. त्या द्रवरूप नायट्रोजनमध्येच टिकतात. डॉक्टर नायट्रोजनचा कॅन घेऊन आले, कुपी तिथल्या तिथे वितळवून सोबतच्या द्रावणात मिसळली आणि लगेच टोचली, तरच ती लस. फ्रिजमधून किंवा बर्फाच्या थर्मासातून कोणी आणली तर सरळ नाही म्हणा. मात्रा ३ मिली, कातडीखाली, दोन महिन्यांवरच्या जनावराला. शेवटच्या महिन्यांतल्या गाभण गायीला आणि ताप असलेल्या जनावराला थांबवा.

टोचल्यावर किरकोळ ताप किंवा गाठीची थोडी सूज येऊ शकते. अशा वेळी सवयीने ऑक्सिटेट्रासायक्लिन किंवा बुपार्व्हाक्वोन देऊ नका, लसच मरते. माझ्या मते लस फुकट जाण्याचं सगळ्यात टाळता येण्याजोगं कारण हेच. प्रतिकारशक्ती उभी राहायला काही आठवडे लागतात, म्हणून मुंबईत पाऊस धरायच्या आत, एप्रिलमध्येच उरका. कालवडींना आधी द्या. बबेसिया आणि अ‍ॅनाप्लाझ्मा लहान वासरांना सहसा सौम्य जातात, थायलेरिया मात्र संकरित वासरांना सोडत नाही.

आता तुमची वाचलेली गाय. थायलेरियाच होता तर तिला लसीची गरज नाही. तिच्या अंगात परजीवी थोड्या संख्येने उरलेला असतो आणि तोच तिची प्रतिकारशक्ती जागी ठेवतो. पण हा समतोल मोडू शकतो: विताना, लांबच्या टेम्पो-प्रवासात, किंवा कोणी डेक्सामेथासोन (प्रतिकारशक्ती दाबणारं स्टेरॉइड) दिलं तर. व्याल्यावर किटोसिससाठी (ऊर्जा कमी पडून होणारा आजार) हे इंजेक्शन सर्रास देतात. तिच्या बाबतीत डॉक्टरांना जुना आजार आवर्जून सांगा आणि व्याल्यानंतरचे पंधरा दिवस रोज थर्मामीटर लावा. आणखी एक: तिचा थायलेरिया बबेसियापासून तिला वाचवत नाही.

तुमच्या तबेल्यात रोगाचा खरा साठा म्हशींकडे आहे. म्हैस सहसा आजारी दिसत नाही, पण तिच्या रक्तात थायलेरिया असू शकतो. तिच्यावर पोसलेलं गोचीड पुढच्या अवस्थेत एचएफवर चढतं. थायलेरिया पसरवणारं हायलोमा गोचीड अंडी घालायला जनावरावरून उतरतं आणि भिंतीच्या फटीत, गव्हाणीखाली, खांबांच्या सांध्यांत बसतं. फवारणी फक्त अंगावर केली तर अर्धंच काम होतं. फटी सिमेंटने बुजवा, भिंतींना चुना मारा. फवाऱ्यात अमिट्राझ हे १२.५ टक्क्यांचं गोचीडनाशक औषध लिटरला २ मिली घ्या. ते कान, मांडीचे सांधे, कासेभोवती आणि शेपटीखाली पोचलं पाहिजे. म्हशींनाही त्याच दिवशी फवारा, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. वर्षानुवर्षं एकच औषध चालवू नका, गोचीड त्याला सरावतं.

गोचीड चावल्याबरोबर थायलेरिया आत जात नाही. त्याच्या लाळग्रंथीत परजीवी तयार व्हायला दोन-तीन दिवस लागतात. पावसाळ्यात दर एक दिवसाआड धार काढताना कास आणि कानामागे हात फिरवून चिकटलेली गोचिडं चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढलीत, तर त्यातली बरीचशी रोग सोडायच्या आतच निघतात. काढलेली रॉकेलच्या डब्यात टाका, बोटाने चिरडू नका.