इंदूरमध्ये घरून चकली-चिवडा विकायचाय. गटाचं मायक्रोफायनान्स कर्ज घेऊ की मुद्रा?
ताई, आधी मुद्राचं, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी योजनेतलं, ‘शिशु’ कर्ज बँकेत मागा. 50,000 रुपयांपर्यंत मिळतं, तारण लागत नाही, आणि गटाच्या कर्जासारखं, गटातल्या दुसरीचा हप्ता थकला म्हणून तुमच्या दारात कुणी येत नाही. आमच्या बचत गटातल्या बायकांचे अर्ज मीच भरते. बँकेत खेटे घालावे लागतात (‘साहेब जेवायला गेलेत’ धरून!), म्हणून बर्तन बाजारातून कढई-सोऱ्याचं कोटेशन आणि फुकट होणारी उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) हातात घेऊनच जा. दिवाळी तोंडावर असेल तर गटाचं कर्ज लवकर पदरात पडतं, हे खरं. पण व्याज चढं, आणि चिवडा खपो न खपो, हप्ता ठरल्या वारी द्यायचाच. सगळे हप्ते मिळून घरच्या महिन्याच्या कमाईच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 पासूनचा नियमच आहे.