स्टीलर्सची सर्वांत भारी बॅच: १९७४ की १९७१?

तुमचा प्रश्न असा आहे: "पिट्सबर्ग स्टीलर्सचा १९७४चा ड्राफ्ट हा अमेरिकन फुटबॉलमधला आजवरचा सर्वांत भारी ड्राफ्ट, असं सगळीकडे वाचायला मिळतं. निदान स्टीलर्सपुरतं तरी ते खरं आहे का, की दुसरी एखादी बॅच त्याच्या तोडीची आहे?"

आहे. १९७१ची. पण हे पिट्सबर्गमध्ये मोठ्याने बोलू नका. मी बोललो आणि आमच्या शेजारच्या आजोबांनी दोन रविवार माझ्याशी नीट बोलणं टाकलं होतं. आजोबा ऐंशीच्या पुढचे, उमेदीची वर्षं पोलादाच्या कारखान्यात गेलेली. त्यांचं मत १९६९ला. त्यांच्या मुलाचं १९७४ला. मी पडलो कोल्हापूरचा, म्हणजे फुटबॉल म्हटलं की शाहू स्टेडियम आणि पाटाकडील विरुद्ध शिवाजी एवढंच माहीत असलेला. या दोघांच्या ओसरीवर बसून बसून मी तिसरा पक्ष काढला.

ज्यांना ड्राफ्ट ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉलेजात खेळून तयार झालेली पोरं दरवर्षी व्यावसायिक संघांमध्ये वाटली जातात. आयपीएलसारखी बोली नसते. ही उलटी पंगत असते: गेल्या वर्षी जो शेवटी राहिला त्याच्या पानात पहिल्यांदा वाढतात आणि विजेत्याला सर्वांत शेवटी. खेळाडूला कुठे जायचं ते विचारत नाहीत. आता सात फेऱ्या होतात, तेव्हा १७ होत. १९७४मध्ये संघ २६, म्हणजे एकूण ४४२ नावं. आपल्याकडे असा प्रकार एकदा झाला होता. २००८च्या आयपीएलमध्ये एकोणीस वर्षांखालच्या मुलांचा ड्राफ्ट होता. दिल्लीने घरचा विराट कोहली सोडून प्रदीप सांगवानला घेतलं आणि कोहली बंगळुरूच्या पानात पडला. तो किस्सा आठवला की ड्राफ्टवर लोक पन्नास-पन्नास वर्षं का भांडतात ते कळतं.

आता १९७४. पहिल्या फेरीत लिन स्वान, एकविसावा. दुसऱ्या फेरीत जॅक लॅम्बर्ट, सेहेचाळिसावा. तिसऱ्या फेरीत स्टीलर्सना निवडच नव्हती. चौथीत जॉन स्टॉलवर्थ, ब्याऐंशीवा. पाचवीत माइक वेबस्टर, एकशे पंचविसावा. चौघेही हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत. एका संघाच्या एका ड्राफ्टमधून चार, हे दुसऱ्या कुणालाही जमलेलं नाही. ग्रीन बेच्या १९५८च्या बॅचमधून तीन गेले, डॅलसच्या १९६४च्या बॅचमधून तीन. चार फक्त इथे.

आणि ही निवड आंधळी नव्हती, हे तर जास्त महत्त्वाचं. स्टीलर्सकडे बिल नन नावाचा माणूस होता. आधी तो 'पिट्सबर्ग कुरिअर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात क्रीडा संपादक होता. देशभरातल्या कृष्णवर्णीय कॉलेजांतल्या उत्तम खेळाडूंचा संघ तो दरवर्षी छापायचा. दक्षिणेतल्या त्या छोट्या कॉलेजांत इतर संघांचे लोक उडतउडत जायचे, ननला तिथला प्रत्येक प्रशिक्षक नावानिशी ओळखायचा. स्टॉलवर्थ अलाबामा ए अँड एमचा. इतर संघांच्या लोकांबरोबर नन त्याची धाव मोजायला गेला, मैदान ओलं, वेळ आली सुमार. बाकीचे पुढच्या गावाला निघाले. ननने तब्येत बरी नसल्याचं सांगितलं, तो मागे राहिला आणि दुसऱ्या दिवशी चांगल्या जमिनीवर पुन्हा वेळ घेतली. मुख्य प्रशिक्षक चक नोल इतके खूश झाले की ते स्टॉलवर्थला पहिल्याच फेरीत घ्यायला निघाले होते. नन आणि मंडळींनी त्यांना थांबवलं: याची किंमत बाहेर कुणाला माहीत नाही, आधी स्वान घ्या, हा नंतर मिळेल. चौथ्या फेरीपर्यंत थांबायला केवढी छाती लागली असेल!

लॅम्बर्टचीही गोष्ट अशीच. केंट स्टेटचा उंच, काटकुळा पोरगा, पुढचे वरचे दात पडलेले. बचावाच्या मधल्या फळीतल्या खेळाडूला, म्हणजे लाइनबॅकरला, लागतं तेवढं वजन नाही म्हणून लोक नाक मुरडत होते. मैदानात चिखल होता म्हणून त्याच्या कॉलेजच्या संघाचा सराव खडीच्या पार्किंगमध्ये चालला होता. तिथे हा पठ्ठ्या खडीवर झेप घेऊन समोरच्याला पाडत होता आणि मग अंगात रुतलेले खडे उपटत पुन्हा जागेवर येत होता. पाहणाऱ्याने तेवढ्यावर शिक्का मारला. त्याच वर्षी तो बचावफळीतला सर्वोत्तम नवखा ठरला, १९७६ला सगळ्या लीगमधला सर्वोत्तम बचावपटू.

मग माझं घोडं कुठे अडलं? १२ जानेवारी १९७५च्या सामन्यात. न्यू ऑर्लिन्समध्ये नववा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, समोर मिनेसोटा. १९३३पासून चालत आलेल्या आणि चाळीस वर्षं टवाळीचा विषय असलेल्या या संघाचं पहिलं विजेतेपद. त्या दिवशी सुरुवातीच्या बावीस जणांत (अकरा आक्रमणाचे, अकरा बचावाचे) १९७४च्या बॅचमधला एकटा लॅम्बर्ट होता. स्वान, स्टॉलवर्थ, वेबस्टर राखीव. आणि १९७१चे? सात. फ्रँक लुइस, जॅक हॅम, गेरी मलिन्स, ड्वाइट व्हाइट, लॅरी ब्राउन, अर्नी होम्स, माइक वॅग्नर. बावीसपैकी सात एकाच वर्षी निवडलेले.

नुसती डोकी मोजू नका, सामना बघा. मध्यंतराला गुणफलक होता २-०. ते दोन गुण कुणाचे? ड्वाइट व्हाइटचे. त्याने मिनेसोटाच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे पास फेकणाऱ्याला, त्याच्याच गोलपट्टीत गाठलं. याला सेफ्टी म्हणतात, आणि सुपर बोलच्या इतिहासातली ती पहिली. हा माणूस त्या आठवड्यात न्यूमोनियाने इस्पितळात होता, सात-आठ किलो वजन उतरलेलं, तसाच उठून आला. शेवटचा टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या गोलपट्टीत पोचवणं), ज्याने १६-६ असा निकाल पक्का केला, तो लॅरी ब्राउनने पकडला. पाचव्या फेरीतला. म्हणजे पहिले गुण १९७१चे आणि शेवटचा टचडाउनही १९७१चा. मिनेसोटाला धावून मिळाले अवघे १७ यार्ड, कारण समोर 'स्टील कर्टन' ही चौघांची पुढची बचावफळी होती. त्या चौघांतले दोघे, व्हाइट आणि होम्स, याच बॅचचे.

पुढच्या वर्षी डॅलसविरुद्ध स्वानने चार झेलांत १६१ यार्ड काढले आणि सामनावीर झाला, ते झेल आजही दाखवतात. दाखवण्यासारखेच आहेत. पण चौथ्या सत्रात डॅलसचा पास हिसकावून त्यांच्या गोलपट्टीच्या तोंडाशी नेणारा वॅग्नर कुणी दाखवत नाही. अकराव्या फेरीतला वॅग्नर. आज अकरावी फेरी अस्तित्वातच नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: १९७४ ही दागिन्यांची पेटी आहे. १९७१ म्हणजे कोठीघर. जॅक हॅम सोडला तर त्यातला एकही हॉल ऑफ फेममध्ये नाही, पण रोजचं जेवण त्यातून झालं. बॅच म्हणून तोलायचं तर फक्त वरचे चार का मोजायचे? १९७४च्या पाचव्या फेरीनंतर तब्बल बारा फेऱ्या झाल्या, त्यातलं एक नाव सांगा. आजोबांनाही आठवत नाही, आणि त्यांना १९५०पासूनचे गुणफलक पाठ आहेत.

आजोबा हे ऐकून घेतात आणि मग १९६९ काढतात. नोल त्या वर्षी आले. पहिल्याच ड्राफ्टमध्ये त्यांनी जो ग्रीन घेतला, चौथा. गावातल्या लोकांनी कपाळाला हात लावला, कोण हा जो? दहाव्या फेरीत आर्कान्साच्या एका लहान कॉलेजातला एल. सी. ग्रीनवुड. मधे तिसऱ्या फेरीत जॉन कोल्ब, जो पुढे नोलच्या काळातल्या चारही विजेतेपदांत होता. आणि एवढं होऊन त्या मोसमाचा निकाल काय, तर एक विजय, तेरा पराभव. आजोबा म्हणतात, तेरा पराभवांत जो रडला नाही, चिडला, तो ग्रीन. बाकी सगळे त्याच्या चिडण्यावर उभे राहिले. याला उत्तर नाही माझ्याकडे. फक्त एवढंच म्हणतो की तो युक्तिवाद एका माणसाचा आहे, बॅचचा नाही.

त्या १-१३चा एक फायदा मात्र झाला. शिकागोही १-१३ होता, म्हणून पहिल्या निवडीसाठी नाणं उडवलं, स्टीलर्स जिंकले आणि १९७०मध्ये क्वार्टरबॅक टेरी ब्रॅडशॉ आला. तिसऱ्या फेरीत मेल ब्लाउंट. दोघेही हॉल ऑफ फेममध्ये, पण बाकी बॅच पातळ. ब्लाउंटची एक गंमत सांगतो. बचावातला हा गडी पास झेलायला धावणाऱ्या रिसीव्हरला मैदानभर असा रेटायचा की १९७८मध्ये लीगने नियमच बदलला: पाच यार्डांच्या पुढे रिसीव्हरला हात लावायचा नाही. लोक अजून त्याला ब्लाउंटचा नियम म्हणतात. आणि त्याचा सर्वांत जास्त लाभ कुणाला झाला? ब्लाउंटच्याच संघातल्या स्वान आणि स्टॉलवर्थला. त्या मोसमाच्या सुपर बोलमध्ये ब्रॅडशॉने ३१८ यार्ड फेकले, चार टचडाउन. त्यातले दोन स्टॉलवर्थचे, एक स्वानचा. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध संघ मागे असताना स्टॉलवर्थचा ७३ यार्डांचा टचडाउन. तिसरं आणि चौथं विजेतेपद १९७४चं, हे मी ओसरीवर कबूल केलेलं आहे.

आणि वेबस्टर. इथे माझा आवाज जरा खाली येतो. सेंटर म्हणजे चेंडू मागे देऊन त्याच क्षणी समोरच्या धिप्पाड माणसाला डोक्याने-खांद्याने अडवायचं, प्रत्येक डावाला. हे त्याने स्टीलर्ससाठी पंधरा मोसम केलं, २२० सामने. २००२मध्ये पन्नासाव्या वर्षी गेला. शेवटची वर्षं भ्रमात, कंगाल, कधी गाडीत झोपून. इथल्या काउंटीच्या शवचिकित्सा कार्यालयात बेनेट ओमालू या डॉक्टरने त्याचा मेंदू तपासला आणि वारंवार बसलेल्या धक्क्यांनी होणारा सीटीई हा मेंदूचा आजार व्यावसायिक फुटबॉलपटूत पहिल्यांदा नोंदवला गेला. पाचव्या फेरीत केवढं घबाड मिळालं, असं त्याच्याबद्दल लिहितात. आजोबांच्या मुलाने एकदा तसं म्हटलं तेव्हा आजोबा उठून आत गेले. कारखान्यातल्या माणसाला झिजणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

नव्या पिढीतले काही १९८७चं नाव घेतात. रॉड वुडसन, सहाव्या फेरीतला ग्रेग लॉइड, दहाव्या फेरीतला मेरिल होज. चांगली बॅच, विजेतेपद शून्य. २०१७ला टी. जे. वॅट मिळाला, त्याला थोडी वर्षं जाऊ द्या.

माझे आई-बाबा पहिल्यांदा आले तेव्हा विमानतळावर जॉर्ज वॉशिंग्टनच्या शेजारी फ्रँको हॅरिसचा पुतळा बघून बाबांनी विचारलं, हा कुठला राष्ट्राध्यक्ष? फ्रँको १९७२चा, तेरावा. एकट्या माणसावर बॅच ठरवायची असती तर १९७२ला मत दिलं असतं आणि पुतळ्याखाली उभं राहून दिलं असतं.

राहता राहिला डॉनी शेल. १९७४वाल्यांचा हुकमी एक्का. शेलही त्याच वर्षी आला, तोही हॉल ऑफ फेममध्ये गेला, त्यामुळे ते चाराचे पाच करतात. अहो, पण १७ फेऱ्यांत ४४२ जणांत त्याचं नाव कुणीही घेतलं नव्हतं, स्टीलर्सनीसुद्धा! तो ड्राफ्टनंतर करार करून आला. ननची पारख म्हणा, पण ड्राफ्ट म्हणू नका. आजोबांचा मुलगा याच मुद्द्यावर अडून बसला तेव्हा मी म्हटलं, ठीक, शेल धरू. मग जॉनी युनिटासही धरू. गावचाच पोरगा, १९५५मध्ये नवव्या फेरीत रीतसर घेतलेला, आणि सरावसामन्यातही न उतरवता घरी पाठवलेला. पुढे बाल्टिमोरकडून तो त्याच्या काळातला सर्वांत मोठा क्वार्टरबॅक झाला. म्हणजे १९५५चीही बॅच मोजा.

आजोबा त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या बाजूने हसले. मग म्हणाले, युनिटासचं नाव या ओसरीवर परत काढायचं नाही.