पलंगाखाली बसली तर बसू दे

अगं,

रविवारी आणतेयस ना त्या दत्तक मांजरीला, मग आजच लिहिते, नंतर तू फोन उचलणार नाहीस माहितीये मला.

फोस्टरकडे, म्हणजे तिला तात्पुरतं सांभाळणाऱ्या बाईंकडे, दोनदा जाऊन आलीस आणि दोन्ही वेळा ती वॉशिंग मशीनच्या मागून बाहेरच आली नाही, म्हणून घरचे म्हणतायत एखादं खेळकर पिल्लू घे. त्यांचंही चूक नाही. पण ही पिंजऱ्यात नाही, कुणाच्या तरी घरात राहिलीय, मिक्सर, कुकरची शिट्टी, दारावरची बेल सगळं ऐकून झालंय तिचं. तुला दिसली ती पाहुण्यांसमोरची, रात्री सगळे झोपल्यावर ती काय करते ते फोस्टरलाच माहीत, तेच विचार. हात लावू देते का, दुसरं मांजर नसेल तर जेवते का, कुठलं खाणं, शी-शूला कुठली वाळू. फाईलमध्ये ट्रायकॅट (मांजरांची तीन रोगांवरची लस), रेबीजचे डोस, नसबंदी, एफआयव्ही आणि ल्युकेमिया या मांजरांच्या विषाणूंची टेस्ट बघून घे. येताना तिच्या अंगाखालचा टॉवेल मागून आण, न धुतलेला हं, घरी येऊन सर्फमध्ये बुडवू नकोस.

सुरुवातीला एकच खोली दे. लिटर बॉक्स, म्हणजे त्या वाळूचा ट्रे, एका कोपऱ्यात, खाणं-पाणी लांब दुसऱ्या कोपऱ्यात, लपायला पुठ्ठ्याचा खोका. खिडक्यांना जाळी तर हवीच, बाथरूमची खिडकी लोक हमखास विसरतात. आणि फिनाईलने फरशी पुसणं बंद, कामाच्या मावशींनाही सांगून ठेव, मांजर पंजे चाटतं आणि ते तिच्या लिव्हरला झेपत नाही. क्रोसिन तर अर्धी गोळीही नाही, जीव जातो.

आता माझा मूर्खपणा ऐक. माझी मांजर चिंगी आली तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी तिला दिवाणाखालून हाताने ओढून काढली, म्हटलं मांडीवर घेतलं की कळेल तिला. तिने अंगठ्याला असा चावा घेतला की रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागली, आणि पुढचे तीन आठवडे मी दारात दिसले तरी फिस्कारायची. तिचं काय चुकलं? मग मी नुसती खोलीत जाऊन जमिनीवर बसायला लागले, तिच्याकडे पाठ करून, मटार सोलत आणि भाजीवालीच्या तक्रारी सांगत. एक दिवस एक मटार घरंगळत दिवाणाखाली गेला, आणि थोड्या वेळाने परत बाहेर आला. पंजा दिसलाच नाही, फक्त मटार. त्या दिवशी मी ऑफिसला उशिरा गेले.

तिच्याकडे टक लावून बघू नकोस, नजर भिडली तर डोळे सावकाश मिटून उघड. हे मी मनाचं सांगत नाहीये, इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या लोकांनी 2020 मध्ये तपासलंय, असं केलं की अनोळखी माणसाजवळसुद्धा मांजरं जास्त येतात.

लपली तर वाट बघ, पण जेवली नाही तर वाट बघायची नाही. पूर्ण दिवस पोटात काही गेलं नाही तर डॉक्टरांना फोन कर, उपाशी मांजराच्या लिव्हरमध्ये चरबी साठायला लागते, आणि लठ्ठ असेल तर आणखी धोका. म्हणून रात्री वाटीत मोजून ठेव, सकाळी किती उरलं बघ, वाळूत ओले गोळे आहेत का तेही बघ. पहिले काही दिवस तुला तिचा एवढाच पत्ता लागेल, वाटी आणि वाळू. मांजर रुळायला लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असं सांगतात, तो नुसता अंदाज आहे, कॅलेंडरवर खुणा करत बसू नकोस. चिंगी मांडीवर आली ती आठव्या महिन्यात, तेही लाईट गेली होती म्हणून.

फोस्टरला फोटो पाठवत जा, अंधारातले दोन डोळे दिसले तरी चालतील, त्या पण तिला सोडून रडलेल्या असतात. आणि हो, रस्त्यात कितीही ओरडली तरी कॅरियरचं, म्हणजे तिला आणायच्या पेटीचं, दार उघडायचं नाही, रिक्षात तर नाहीच नाही.

ताई