वाचकांचे प्रश्न : आधी काय, नंतर काय?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ बावीस वर्षांचा. चोर्ला घाटातून मित्रांबरोबर गोव्याला गेला होता, तिथं त्याला कुणीतरी जिभेवर ठेवायला ‘कागद’ दिला. त्याला नऊ दिवस झाले. अजून रात्री दचकून उठतो, ‘पंखा माझ्याकडं बघूलाय’ म्हणतो. लहानपणी वडिलांनी केलेली मारहाण आठवून रडतो. आई देवर्षीकडं (मांत्रिकाकडं) न्यायचं म्हणते. घरात काय करावं?
— एक बहीण, खानापूर तालुका

उत्तर : ‘कागद’ म्हणजे बहुधा एलएसडी, म्हणजे भास घडवणारा अमली पदार्थ, पण त्या नावाखाली दुसरंच काही विकलं जातं, म्हणून खात्री धरू नका. एलएसडीचा अंमल साधारण आठ ते बारा तास राहतो. नऊ दिवसांनंतर जे चाललंय ते बहुधा अंगातल्या नशेमुळं नव्हे. जुनी भीती उघडी पडलीय आणि झोप मोडल्यानं ती आवरेनाशी झालीय. काहींना कडा हलताना किंवा उजेडाची शेपटी दिसणं पुढंही काही आठवडे, क्वचित त्याहून जास्त काळ राहतं. गांजा, भांग किंवा दारू घेतली की ते बळावू शकतं. तेव्हा हे तिन्ही आजपासून बंद.

आधी धोका तपासा. सलग दोन-तीन रात्री अजिबात झोप नाही, कुणी नसताना आवाज ऐकू येतात, ‘मला मारायला टपलेत’ अशी खात्री वाटते, जेवण-पाणी सुटलंय किंवा मरणाची भाषा आहे, यातलं एकही असेल तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. तातडीसाठी ११२ किंवा १०८. घराण्यात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल तर वाट बघत बसू नका.

रात्री तो दचकला तर समोरून, थोडं अंतर ठेवून बोला. मागून खांद्यावर हात नको, मिठी मारून दाबून धरणं तर नकोच. लहानपणी मार खाल्लेल्या माणसाला तुमची घट्ट पकड तीच जुनी पकड वाटते आणि तो आणखी झटापट करतो. हात धरायचाच तर आधी विचारा, ‘धरू का?’ दिवा लावा. अनवाणी पाय फरशीवर टेकवायला सांगा. आज कुठला वार, आपण कुठल्या खोलीत, बाहेर कसला आवाज येतोय, हे त्याच्याकडून वदवून घ्या. श्वास चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. डोळे उघडेच असू द्यात. ‘डोळे मिटून शांत हो’ हा सल्ला अशा माणसाला उलटा लागू शकतो.

‘काय काय आठवलं ते सगळं सांग’ असा तगादा लावू नका. एका बैठकीत सगळं ओकायला लावल्यानं मन हलकं होतं ही समजूत चुकीची, उलट घाव ताजा होऊ शकतो. तो आपणहून बोलला तर ऐका. वडिलांना समोर बसवून झाडाझडती नको आणि ‘तुला भास झाला’ हेही नको. अशा नशेत वर आलेलं खरं असू शकतं, खऱ्यात भास मिसळलेलाही असू शकतो. त्याची उकल अनुभवी समुपदेशकाबरोबर, सावकाश. नोकरी सोडणं, घर सोडणं, लग्न मोडणं असले निर्णय महिनाभर तरी पुढं ढकला.

देवर्षीचं म्हणाल तर आईच्या समाधानाला अंगारा लावला म्हणून बिघडत नाही. कोंडणं, धूर कोंडून देणं, झोडपणं हे मात्र होऊ देऊ नका, ते नव्यानं घातलेले घाव.

मदतीसाठी टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. प्रत्यक्ष दाखवायला बेळगावचं जिल्हा रुग्णालय आणि धारवाडची डिम्हान्स ही मानसिक आरोग्य संस्था. डॉक्टरांना किती आणि कधी घेतलं, सोबत काय घेतलं ते खरं सांगा. पोलिसांच्या भीतीनं बरेच जण हेच लपवतात आणि उपचार चुकतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवावी लागते; जीवाला धोका किंवा कोर्टाचा आदेश असे थोडेच अपवाद आहेत. मेडिकलवाल्याकडून झोपेच्या गोळ्या आणून देऊ नका.

प्रश्न : माझ्या पत्नीला डिप्रेशनसाठी केटामिनची सलाईन सुचवली आहे. लहानपणी तिच्यावर अत्याचार झाला होता. तयारी काय करावी?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : केटामिन हे भुलीचं औषध, डॉक्टरांच्या देखरेखीखाली कायदेशीर. नेहमीचा डोस किलोला अर्धा मिलिग्रॅम, चाळीस मिनिटांत. म्हणजे साठ किलो वजनाला तीस मिलिग्रॅम. रक्तदाब वाढतो, म्हणून तो आधी, मध्ये आणि नंतर मोजतात. आटोक्यात नसलेला रक्तदाब, गरोदरपण, पूर्वीचा सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) लपवू नका. शरीर आपलं नाहीच असं वाटणं बहुतेकांना दोन तासांत ओसरतं. त्या दिवशी तिनं गाडी चालवायची नाही. परतताना मोटरसायकलऐवजी कार बरी.

आधी निदान एक, जमल्यास दोन भेटी मागा. जुनं उकरायला नव्हे, अटी ठरवायला. जीभ जड होते, तेव्हा ‘थांबा’साठी हाताची खूण ठरवा. सुई कोण टोचणार, हात कुठं लागणार, खोलीत स्त्री परिचारिका असेल का, दार बंद की अर्धं उघडं? डोळ्यांवर पट्टी सर्रास देतात. ज्यांच्यावर अंधारात अत्याचार झालाय त्यांनी ती नाकारावी. आणि स्पर्शाचा होकार शुद्धीवर असताना घेतलेलाच खरा. सलाईन चालू असताना ‘खांदा दाबू का?’ विचारून मिळवलेला होकार धरू नये.

आपल्या सीमाभागात एक अडचण ठरलेली. संमतीपत्र कन्नडात किंवा इंग्रजीत, आणि बाई ‘हो हो’ म्हणून सही करतात. २०१७च्या त्याच कायद्यात संमती रुग्णाला समजेल अशा भाषेत आणि पद्धतीनं माहिती देऊनच घ्यायची, असं लिहिलंय. मराठीत समजावून सांगा म्हणणं हा भाषावाद नव्हे. शिवाय भान परत येताना माणूस आईच्या भाषेत पुटपुटतो, तेव्हा मराठी कळणारं कुणीतरी जवळ हवं.

नंतरची भेट तीन दिवसांच्या आत, मग आठवड्याला. हलकं वाटणं काही दिवसांनी, कधी दोन आठवड्यांत उतरतं. हे आधी माहीत नसेल तर ‘माझ्यावर काहीच चालत नाही’ ही निराशा येते आणि तीच घातक. वारंवार घेतल्यास मूत्राशयाला इजा होते, लघवीला जळजळ झाल्यास लगेच कळवा.

प्रश्न : ऑस्ट्रेलियात मशरूमनं उपचार करतात म्हणे. ऑनलाइन मार्गदर्शकाच्या मदतीनं घरी केलं तर?
— चिक्कोडी

उत्तर : करू नका. तिथं १ जुलै २०२३ पासून परवानगी आहे ती अधिकृत मानसोपचारतज्ज्ञांना आणि ठरावीक आजारांनाच. आपल्याकडं त्या मशरूममधलं सायलोसायबिन हे द्रव्य १९८५च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली येतं. पावसाळ्यात जांबोटीच्या रानातली अळंबी ओळखीच्या भरवशावर तर अजिबात नको. यकृत निकामी करणाऱ्या विषारी जातींची लक्षणं सहा तासांनंतर, कधी दुसऱ्या दिवशी दिसतात. धोत्र्याचं बी वेगळंच, त्यानं नुसता भ्रम होतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो. तुम्ही लिथियम (बायपोलरसारख्या आजारातलं औषध) घेत असाल तर सायलोसायबिन किंवा एलएसडीबरोबर फिट येऊ शकते. म्हणून लिथियम मनानं बंद करून प्रयोग करायचं डोक्यात असेल, तर तेही काढून टाका.