उशीर कोडमध्ये क्वचितच असतो

प्रिय,

तुझी मेल वाचली. सॉफ्टवेअरचा रिलीज पुन्हा पुढे गेला आणि मॅनेजरच्या मते टीमचा कोडिंगचा वेग कमी पडतो. मला नाही पटत. रखडलेलं कुठलंही एक तिकीट, म्हणजे कामाची नोंद, उघड आणि त्याची हिस्टरी वरपासून खालपर्यंत वाच. कोड लिहून झाला दोन दिवसांत. मग पुल रिक्वेस्ट, म्हणजे तो मुख्य कोडमध्ये घ्यायची विनंती, रिव्ह्यूची वाट बघत पडून. रिव्ह्यू झाला, तर टेस्ट सर्व्हरचा अ‍ॅक्सेस नाही. तो मिळेपर्यंत समोरच्या कंपनीच्या सिस्टिमशी जोडायला लागणारी एपीआय की आलेली नाही. शेवटी क्यूएने, म्हणजे टेस्टिंगवाल्यांनी, विचारलं, "युजरने पेमेंटचं बटण दोनदा दाबलं तर काय व्हायला हवं?" आणि उत्तर कुणाकडेच नाही! म्हणून एस्टिमेट देताना नुसते स्वतःच्या कोडिंगचे दिवस मोजू नकोस. कुणाकुणावर अडून राहावं लागणार आहे ते आधी लिहून काढ आणि अ‍ॅक्सेस, की वगैरे पहिल्याच दिवशी मागून ठेव.

रिक्वायरमेंट बदलणारच, त्यावर चिडण्यात अर्थ नाही. पण "फक्त एक रिफंडचं बटण टाक" असं कुणी म्हणालं, तर तिथल्या तिथे हो म्हणू नकोस. त्या बटणामागे अर्धवट रिफंड असतो, बँकेने नाकारलेला व्यवहार असतो, शिवाय परवानगी कुणाला द्यायची हा वाद. हे सगळं सांग आणि विचार, याच्या बदल्यात या रिलीजमधून काय काढू?

ब्रँच, म्हणजे कोडची तुझी स्वतंत्र प्रत, आठवडेच्या आठवडे वेगळी ठेवू नकोस. ती मुख्य कोडमध्ये मिसळताना, मर्जच्या वेळी, रडू येतं.

आता माणसं वाढवण्याबद्दल. आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या प्रोजेक्टमध्ये माणसं घातली की तो आणखी लांबतो. नव्यांना शिकवणार कोण? ज्यांच्यावर आधीच लोड आहे तेच. शिवाय ५ जणांत बोलणाऱ्यांच्या १० जोड्या होतात, १० जणांत ४५. तरीही दर वेळी वरून हाच उपाय येतो, कारण तो मीटिंगमध्ये सांगायला सोपा असतो. तेव्हा माणसांऐवजी स्कोप, म्हणजे करायचं काम, कमी करून माग.

आणि रोजच्या स्टँडअप मीटिंगमध्ये "नव्वद टक्के झालं" म्हणणं सोड. काय उरलंय ते सांग. तारीख हुकणार असं वाटलं की त्याच दिवशी कळव. बातमी वाईट असली तरी वेळेत कळली तर क्लायंट काहीतरी ॲडजस्ट करू शकतो.

पुढच्या स्प्रिंटचं, म्हणजे कामाच्या पुढच्या टप्प्याचं, प्लॅनिंग व्हायच्या आत अडकलेल्या तिकिटांची यादी मला पाठव. कोणतं कुणाकडे अडलंय ते समोर लिही.

तुझा,
दादा