एका दिवसात किती गावं?

प्रश्न: आई-बाबा साताऱ्याहून लंडनला माझ्याकडे आलेत. कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या भागातली पाच गावं एका दिवसात होतील का? आईचे गुडघे दुखतात.

उत्तर: पाच नकोच, दोनच करा. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून थेट रेल्वेने मॉर्टन-इन-मार्श गाठा, शक्यतो मंगळवारी. त्या दिवशी तिथे आठवडी बाजार असतो. पुढे बसने चिपिंग कॅम्पडेन. उतरल्या उतरल्या परतीच्या बसची वेळ टिपून घ्या. तिथला १६२७चा मार्केट हॉल माझ्या फार जिव्हाळ्याचा. लोणी, चीज, कोंबड्या विकणाऱ्यांसाठी बांधलेला, मधाच्या रंगाच्या दगडी कमानींचा. मी तिथे पाऊस थांबेपर्यंत डब्यातली थालीपिठं खात उभी होते. आतली फरशी झिजून पार उंचसखल झाली आहे, आईंचा हात सोडू नका. वेळ उरला तर सेंट जेम्स चर्चमध्ये लोकर व्यापारी विल्यम ग्रेव्हेल यांचा पितळी स्मृतिपट जरूर दाखवा.