प्रवाळाचा जिवंत भाग वाचवताना

प्रश्न : माझ्या सागरी टाकीत ॲक्रोपोरा जातीचे फांद्याफांद्यांचे एक प्रवाळ असून गेल्या आठवड्यापासून ते बुडाकडून पांढरे पडत वर चालले आहे. वरच्या निम्म्या भागाचा रंग शाबूत आहे आणि तेथील पॉलिप, म्हणजे प्रवाळातले इवलेसे जीव, रात्री बाहेरही येतात. त्याआधी अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता; डीकेएच हे तिचे एकक) ६.८ डीकेएच आढळल्यामुळे मी ती वाढवणारी बफरची पूड घालून ती एका रात्रीत ९.५ वर आणली होती. तापमान २६ अंश, खाऱ्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२५ असून नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य येतात, म्हणजे पाणी स्वच्छ आहे. संपूर्ण वसाहत काढून टाकावी, टाकीत एखादे औषध घालावे, की वाट पाहावी?

उत्तर : आपण विचारलेल्या तीन मार्गांपैकी एकही या परिस्थितीत योग्य नाही. जिवंत भाग वेळीच कापून वेगळा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याआधी जे पांढरे दिसते आहे ते नेमके काय आहे, याची खात्री करून घ्यावी.

प्रवाळ पांढरे दिसण्याची कारणे दोन असतात आणि त्यांवरचे उपाय परस्परविरुद्ध आहेत. विरंजनात, म्हणजे ब्लीचिंगमध्ये, ऊतींमधली सूक्ष्म शैवाले निघून जातात; ऊती पारदर्शक होतात, पण जिवंत असतात. अशा प्रवाळाला कात्री लावू नये; प्रकाश थोडा कमी करून त्याला खाऊ घालावे आणि स्वस्थ राहू द्यावे. ऊतींच्या क्षयात मात्र मांसच गळून पडते आणि खाली कॅल्शियम कार्बोनेटचा उघडा सांगाडा उरतो. टाकीतला प्रवाह बंद करून भिंगातून सीमारेषा पाहिल्यास फरक ध्यानात येतो. क्षय चालू असेल, तर जिवंत बाजूच्या कडेला ऊतींच्या बारीक चिंध्या लोंबताना दिसतात आणि तिच्यालगतचा सांगाडा स्वच्छ, खडूसारखा पांढरा असतो. त्याच सांगाड्यावर खाली हिरवट-तपकिरी शेवाळाचा थर चढलेला असल्यास तो भाग आधीच मेलेला आहे, असे समजावे. सीमारेषेपर्यंत शेवाळ पोहोचले असेल आणि कडा जाडसर व गुळगुळीत असेल, तर क्षय थांबला आहे. दाट वसाहतीच्या बुडाशी प्रकाश आणि प्रवाह पोहोचत नसल्यामुळे अशी जुनी मर पुष्कळदा दिसते आणि तिला हात लावण्याची गरज नसते. रोज एकाच जागेवरून छायाचित्र काढल्यास रेषा सरकते की नाही, याचा वाद उरत नाही.

आपल्या वर्णनावरून रेषा सरकते आहे, तेव्हा कापणेच इष्ट. प्रवाळाची वसाहत म्हणजे ऊतींनी एकमेकांना जोडलेले असंख्य पॉलिप असल्यामुळे तोडलेली निरोगी फांदी स्वतंत्र वसाहत म्हणून वाढू शकते. क्षय मात्र याच जोडलेल्या ऊतींमधून पुढे जातो. बहुतेक लोक येथे कंजुषी करतात आणि अगदी पांढऱ्या रेषेवर कापतात. मग आजारी कडा नव्या तुकड्याबरोबरच जाते. रेषेच्या वर, जिवंत बाजूला निदान एक सेंटिमीटर सोडून कापावे. त्यासाठी हाडे कापण्याची कात्री किंवा हिऱ्याच्या पात्याची करवत वापरावी, तुकडा टाकीच्याच पाण्याने भरलेल्या भांड्यात हलवून घ्यावा, आयोडीनयुक्त डिपमध्ये, म्हणजे प्रवाळ थोडा वेळ बुडवण्याच्या औषधी द्रावणात, उत्पादकाने सांगितलेल्या वेळेपुरताच ठेवावा आणि स्वच्छ खाऱ्या पाण्यात विसळून जेलच्या स्वरूपातील सायनोॲक्रिलेट गोंदाने फ्रॅग प्लगवर (तुकडा बसवण्याच्या छोट्या बैठकीवर) बसवावा. कापलेल्या तोंडावरचा उघडा सांगाडा गोंदाने पूर्ण झाकावा. सगळे तुकडे एका जागी न ठेवता मध्यम प्रकाशात आणि चांगल्या प्रवाहात वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावेत. एखाद्या तुकड्यावर पुन्हा पांढरी रेषा दिसल्यास तो पुन्हा कापावा लागतो. क्षय काही तासांत फांद्याच्या फांद्या सोलून काढत असेल, तर मोजमाप करत बसू नये; रेषेपासून सर्वांत दूरची टोके ताबडतोब तोडून घ्यावीत.

डिप हा कापण्याला पर्याय नाही. किडे मारणारे डिप आयोडीनपेक्षा वेगळे असतात आणि ॲक्रोपोरा खाणाऱ्या चपट्या कृमींची अंडी त्यांनीही मरत नाहीत, म्हणून फांद्यांवर गोल, फिकट चाव्यांच्या खुणा असल्यास काही दिवसांच्या अंतराने डिप पुन्हा द्यावा लागतो आणि अंडी घासून काढावी लागतात. आपण अशा खुणांचा उल्लेख केलेला नाही. तरी भांड्यात काय झडून पडते, ते पाहून घ्यावे. शेजारी डंख मारणारी लांब शुंडके सोडणारे दुसरे प्रवाळ नाही ना, हेही दिवे मालवल्यावर एकदा तपासावे.

आता कारणाकडे वळू. माझ्या मते दोष ६.८ या आकड्याचा नसून एका रात्रीत मारलेल्या उडीचा आहे. नैसर्गिक समुद्राच्या पाण्याची अल्कलिनिटी सुमारे ७ डीकेएच असते, त्यामुळे ६.८ ही काही धावपळ करण्यासारखी स्थिती नव्हती. वाढवायची झाल्यास ती दिवसाला अर्ध्या, फार तर एका डीकेएचने वाढवावी. आता ती घाईने खाली आणणे म्हणजे दुसरा धक्का देणे होईल. पूड थांबवावी, रोज ठरावीक वेळी चाचणी घ्यावी, प्रवाळांच्या स्वतःच्या वापराने ती आठच्या आसपास उतरू द्यावी आणि मग थोड्या थोड्या मात्रेने तेथेच स्थिर राखावी. कॅल्शियम ४०० ते ४५० आणि मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएमच्या (दशलक्ष भागांतील भाग) दरम्यान आहे, एवढे पाहावे.

नायट्रेट आणि फॉस्फेट शून्य असणे ही आपण गुणाची बाजू म्हणून लिहिली आहे. मला तीच अधिक काळजीची वाटते. पोषकद्रव्ये संपलेली आणि अल्कलिनिटी चढलेली, हा संयोग ॲक्रोपोराला सोसत नाही, असा छंदातील अनेकांचा अनुभव आहे. नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असावे. त्यासाठी माशांचे खाणे थोडे वाढवावे, फॉस्फेट शोषणारे माध्यम बसवले असल्यास ते काढावे, पण हा बदलही सावकाश करावा.

टाकीत औषध ओतू नये. प्रतिजैविके आजारी कडेवरच्या जिवाणूंबरोबर अमोनियाचे रूपांतर करणाऱ्या उपयुक्त जिवाणूंनाही मारू शकतात, आणि मग एका प्रवाळाचे दुखणे संपूर्ण टाकीचे होते.

प्रश्न : माझ्या फांद्यांच्या हॅमर प्रवाळाच्या (हातोडीसारख्या टोकांच्या शुंडकांचे प्रवाळ) एका तोंडावर, म्हणजे फांदीच्या टोकावरच्या पॉलिपवर, तपकिरी, चिकट पदार्थ साचला असून शेजारचे तोंड आक्रसले आहे. बाकीची तोंडे फुललेली आहेत. काय करावे?

उत्तर : हा ब्राउन जेली नावाचा रोग असून त्या पदार्थात कुजलेल्या ऊतींबरोबर सूक्ष्म केसल प्राणी असतात. प्रवाळ उचलण्यापूर्वी पंप बंद करावेत, नाहीतर तो पदार्थ विखरून दुसऱ्या प्रवाळांवर जाऊन बसतो. नळीने तो बादलीत ओढून घ्यावा आणि ते पाणी टाकीत परत घालू नये. आपल्या प्रवाळाची रचना येथे फायद्याची आहे, कारण फांदीवर मांस फक्त वरच्या भागात असते आणि त्याखालचा देठ नुसता सांगाडा असतो. तेथे कापल्यास कोणालाच जखम होत नाही. आजारी तोंड आणि आक्रसलेले तोंड अशी दोन्ही कापून वेगळी करावीत, आक्रसलेल्या तोंडाला डिप देऊन शक्यतो वेगळ्या टाकीत ठेवावे. सलग भिंतीसारख्या हॅमरमध्ये ही सोय नसते आणि तेथे करवतीने मांसातूनच कापावे लागते. कापताना डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे असावेतच, विशेषतः त्याच खडकावर झोॲन्थिड (बटणांसारखे दिसणारे मऊ पॉलिप) असतील तर. त्यांतील काही जातींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते, म्हणून असा खडक उकळू नये आणि कोरडा घासूही नये.